पलंगाचा बाक: उशाची पाठ, पायथ्याचे हात

एका माणसाला झोपण्यापुरत्या जुन्या लाकडी पलंगाचा बसायचा बाक करता येतो. अशा पलंगात असतं काय? उशाकडची फळी, पायथ्याकडची फळी, बाजूच्या दोन लांब फळ्या आणि मधल्या आडव्या पट्ट्या. उशाकडची फळी बाकाची पाठ होते. पायथ्याकडची कापली की बाकाचे दोन हात मिळतात. लांब फळ्यांतून बैठकीची चौकट निघते आणि आडव्या पट्ट्यांवर आपण बसतो. नवीन लाकूड एक वीतभरही लागत नाही.

मी सुतार नाही. एकतीस वर्षं फिटर होतो, हातात व्हर्नियर आणि कानस. लोखंडाच्या कामात आधी ड्रॉइंग येतं, मग त्याबरहुकूम जॉब, म्हणजे घडवायची वस्तू, तयार होतो. निवृत्तीनंतर मी एका जुन्या टेबलाचं पुस्तकांचं शेल्फ करायला घेतलं तेही ह्याच सवयीने. ड्रॉइंग सुरेख काढलं आणि मग टेबलाला त्यात कोंबायला लागलो. टेबलाचे तुकडे झाले, शेल्फ काही झालं नाही. जुन्या फर्निचरचा हिशोब उलटा असतो. जॉब समोर तयार उभा असतो, ड्रॉइंग त्याच्यावरून काढायचं असतं. म्हणून ह्या पलंगाच्या वेळी पहिले दोन दिवस मी करवतीला हातच लावला नाही. बायको दोनदा येऊन बघून गेली. "अहो, नुसतं बघताय की काही करणार?" नुसतं बघत होतो.

बघायचं काय

पलंग आधी उलटा करा. फर्निचरची खरी बाजू खालची. वर पॉलिश असतं, खाली सुताराने पेन्सिलीने मारलेल्या खुणा असतात, न रंगवलेलं लाकूड असतं आणि कीडही असली तर तिथेच आधी दिसते.

आमच्या पलंगाची मापं देतो, म्हणजे पुढचं सगळं डोळ्यांसमोर येईल. उशाकडची बाजू ३६ इंच रुंद, ३८ इंच उंच. पायथ्याकडची ३६ इंच रुंद, २४ इंच उंच. खूर अडीच इंच चौकोनी. बाजूच्या लांब फळ्या (माझे वडील त्यांना गाते म्हणत) प्रत्येकी ७५ इंच लांब, ५ इंच रुंद, सव्वा इंच जाड, आणि त्यांच्या आतल्या अंगाला पट्ट्या टेकायला एक इंचाची कड ठोकलेली. आडव्या पट्ट्या अकरा, प्रत्येकी ३२ इंच लांब, ३ इंच रुंद, पाऊण इंच जाड. गाते खुरांना लोखंडी हुकांच्या पट्ट्यांनी अडकवलेले. खुरात खाचेची पट्टी, गात्याच्या टोकाला हुकाची.

आता ही मापं एकमेकांशी बोलायला लागतात. बसायची उंची १७ ते १८ इंच असावी, आपला पलंगही साधारण तेवढाच असतो. बैठकीची खोली १६ ते १८ इंच हवी, आणि पायथ्याच्या ३६ इंचांचं अर्धं होतं १८. हात टेकवायची जागा बैठकीच्या वर सात ते नऊ इंचांवर लागते. २४ मधून १७ वजा करा, सात येतात. माणसाच्या शरीराची मापं एकच, मग तो झोपलेला असो की बसलेला.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. ३६ इंची पलंगाचा बाक दोघांचा होत नाही. हातांच्या मध्ये ३१ इंच उरतात, त्यात मी आणि नातू बसतो, म्हणजे दीड माणूस. दोन मोठी माणसं बसवायची तर ४८ इंची पलंग हवा. मात्र तिथे पायथा मधोमध कापू नका, २४ इंच खोल बाकावर पाय लोंबकळतात. दोन्ही टोकांकडून १७-१७ इंच घ्या आणि मधला तुकडा बाजूला ठेवा.

कीड आहे का, ते आधी

आमचा पलंग आठ वर्षं दाराआड भिंतीला टेकून उभा होता. एका खुराच्या तळाशी टाचणीच्या डोक्याएवढी पाचसहा भोकं दिसली. भोकं दिसली म्हणजे कीड आहेच असं नाही. भुंगेरा बाहेर पडून गेल्यावर ती भोकं तशीच राहतात. कीड जिवंत आहे की नाही हे भोक सांगत नाही, भुसा सांगतो. खूर मोगरीने चांगला ठोकून सगळा भुसा झाडला, ब्रशने साफ केला, खाली काळा कागद पसरला आणि दोन आठवडे तसाच ठेवला. कागदावर पिठासारखी बारीक पूड पडली असती तर आत कोणीतरी अजून जेवत होतं असा अर्थ. वाळूच्या कणांसारखे टणक दाणे पडले तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. आमचा कागद कोरा राहिला.

पूड पडलीच तर बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाण्यातलं द्रावण ब्रशने पाजतात, पण ते उघड्या लाकडातच मुरतं. रंगावरून, पॉलिशवरून लावलं तर वरच्या वर वाळतं. वाळवी मात्र खोलवर असेल, लाकूड ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, पेचकस टेकवला की आत जात असेल, तर तो भाग बाकात घेऊ नका. माया लावू नका. तो तुकडा घरातल्या बाकीच्या लाकडालाही नेईल.

सागवानाचा आतला गाभा कीड सहसा खात नाही. खोडाच्या बाहेरच्या अंगाचं फिकट लाकूड मात्र सागाचं असलं तरी खाते. आमच्या खुराची ती भोकं बरोबर त्या फिकट पट्ट्यातच होती.

रंग आणि पॉलिश

उशाकडच्या फळीवर मूळचं पॉलिश होतं आणि त्यावर कधीतरी, बहुधा कुठल्यातरी लग्नाच्या आधी, घरातल्याच कोणीतरी फिकट पिवळा ऑइलपेंट फासला होता. जुना ऑइलपेंट कोरडा घासायचा नाही. त्यात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी ठरली. त्याआधीचा रंग असेल तर शिसं आहे असंच धरून चालायचं. पाण्याने ओला करून वॉटर पेपरने घासायचा, निघणारा चिखल फडक्याने टिपून पिशवीत बांधून टाकायचा, तोंडाला एन-९५ मास्क, आणि त्या खोलीत लहान मूल फिरकू द्यायचं नाही. हीट गनने रंग फुगवून खरवडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, फार तापला की शिशाची वाफ होते.

रंगाखालचं पॉलिश कुठलं ते ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा मिनिटभर टेकवून ठेवा. चिकट झालं तर ते लाखेचं, म्हणजे स्पिरिट पॉलिश. काहीच झालं नाही तर तसंच थिनरने करून बघा. विरघळलं तर लॅकर. दोन्हीला दाद देत नसेल तर ते चिवट जातीचं आहे, तिथे पॉलिश पेपरशिवाय गत्यंतर नाही. आमचं लाखेचं निघालं. स्पिरिट आणि स्टील वूल घेऊन एका दुपारीत उतरलं, आणि त्याखाली सागाची ती तपकिरी रेघ दिसली तेव्हा बायको तिसऱ्यांदा आली आणि ह्या वेळी काही बोलली नाही.

हे सगळं कापण्याआधी करा. कापल्यावर तुकडे लहान होतात, धरायला त्रास होतो, कडा गोल होतात.

खिळे शोधणं

जुन्या लाकडात न दिसणारे खिळे असतात. कोणीतरी कधी मच्छरदाणीला ठोकलेला, कोणीतरी डोकं मोडून तसाच सोडलेला. करवतीचा दात त्यावर गेला की दातही गेला आणि कापही. मी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोऱ्याला बांधतो आणि जिथून कापायचं त्या रेषेवरून हळूहळू लोंबकळत नेतो. खिळ्याशी आलं की दोरा तिरका होतो. आमच्या पायथ्यात दोन सापडले. वरून रंग बसलेला असल्याने नुसत्या डोळ्यांना अजिबात दिसत नव्हते.

मुख्य काप, आणि माझ्या पायावर पडलेली फळी

पायथा मधोमध एकदा कापायचा नाही, दोनदा कापायचा. दोन्ही टोकांकडून १७ इंच मोजा, मध्ये दोन इंचांची पट्टी उरते, ती जाते. असं का, तर प्रत्येक अर्ध्या भागाच्या कापलेल्या टोकाला एक उभी पट्टी बसवावी लागते. ती सव्वा इंच जाड, म्हणजे एकूण सव्वाअठरा होतात. थेट मधोमध कापलं असतं तर सव्वाएकोणीस झाले असते आणि बैठक खोल झाली असती.

ती उभी पट्टी का लागते हे मला काप मारून झाल्यावर कळलं. पायथ्याची रचना अशी असते की दोन बाजूंना दोन खूर, वर एक आडवी पट्टी, खाली एक आडवी पट्टी, आणि ह्या चौकटीच्या खाचेत मधली फळी सरकवलेली. मला वाटलं होतं फळी आत सरसाने चिकटवलेली असणार. दुसरा काप पूर्ण झाला, अर्धा भाग मी हातात उचलला, किंचित तिरका झाला, आणि मधली फळी खाचेतून पत्त्यासारखी सरकत बाहेर आली ती थेट उजव्या पायाच्या अंगठ्यावर. आठवडाभर चप्पल घालता आली नाही.

सुताराने ती चिकटवली नव्हती ते विसरून नाही. मुद्दाम. लाकूड आडव्या अंगाने फुगतं आणि आकसतं, हवेतल्या ओलाव्याप्रमाणे. लांबीत जवळपास हलत नाही. रुंद फळी चौकटीत घट्ट चिकटवली तर फुगताना चौकट फोडते, आकसताना स्वतः फाटते. म्हणून ती खाचेत मोकळी ठेवतात. आम्हा लोखंडवाल्यांना ही गोष्ट पचायला वेळ लागतो, आमच्याकडे सैल म्हणजे बिघडलेलं. इथे सैल म्हणजे शहाणं.

तेव्हा तुम्ही कापण्याआधी मधली फळी दोन्ही बाजूंनी चौकटीला चिकटपट्टीने बांधून घ्या. कापाच्या रेषेवरही चिकटपट्टी लावा आणि पेन्सिलीऐवजी धारदार सुरीने रेघ ओढा. सुरीने वरचे तंतू आधीच तुटतात, त्यामुळे करवतीने कड उचकटत नाही. गुण्या (काटकोन आखायची पट्टी) लावून रेघ चारही बाजूंनी फिरवा, आणि कापताना पुढची आणि मागची रेघ आळीपाळीने बघत राहा.

जुनी भोकं समोरासमोर येतात

इथे मला ह्या कामातली सगळ्यात मोठी मजा आली. पायथ्याचे दोन भाग झाले. आता त्यांना बाकाच्या हातांसारखं काटकोनात फिरवा. खूर पुढे, कापलेलं टोक मागे, पलंगाची बाहेरची नक्षीची बाजू बाहेर. असं ठेवल्यावर खुराच्या ज्या अंगाला पूर्वी गाते अडकत होते, ते अंग दोन्हीकडून आत वळतं. हुकांच्या खाचेच्या पट्ट्या एकमेकींसमोर येतात, एकाच उंचीवर. म्हणजे पुढची आडवी फळी बसवायला जागा आधीच करून ठेवलेली आहे. मी जमिनीवर ते दोन भाग मांडले आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. ज्या सुताराने पलंग केला त्याच्या मनात बाक नव्हता, पण मापं त्याने चोख घेतली होती, आणि चोख मापं कुठेही चालतात.

पहिल्या गात्यातून ३१ इंचांचे दोन तुकडे काढा. एक पुढची फळी, एक मागची. आतल्या अंगाची एक इंचाची कड त्यांच्यासोबतच कापली जाईल, ती काढू नका, पट्ट्या तिच्यावरच टेकणार आहेत. गात्याच्या टोकाची हुकाची पट्टी सोडवून पुढच्या फळीच्या दोन्ही टोकांना बसवा. जुन्या पट्टीला जेवढी खोल खाच होती तेवढीच खाच पटाशीने (लाकूड तासायच्या छिन्नीने) करा, कमी नाही की जास्त नाही. पट्टी वर राहिली तर ३१ इंचांची फळी मध्ये शिरणार नाही. खोल गेली तर हूक पोचणार नाहीत.

दुसऱ्या गात्यातून १६ इंचांचा एक तुकडा घेऊन उभा चिरा, त्याच्या दोन उभ्या पट्ट्या होतात. ह्या हातांच्या कापलेल्या टोकांना. उरलेलं गातं जपून ठेवा, कुठेतरी लागतंच.

उभी पट्टी नुसत्या स्क्रूने बसवू नका. आडव्या पट्टीच्या टोकात स्क्रू गेला तर तो लाकडाच्या तंतूंच्या दिशेने जातो आणि धरत नाही, ओढला की सुटतो. १० मिलिमीटरच्या लाकडी खुंट्या घ्या, प्रत्येक सांध्याला दोन, आणि लाकडाचा डिंक, म्हणजे ज्याला सगळे सरसकट फेविकॉल म्हणतात तो. मधली फळी खाचेत मोकळीच राहिली पाहिजे, तिच्या कडेला डिंक लागू देऊ नका. सागवान तेलकट असतं म्हणून चिकटवण्याच्या जरा आधी सांध्याची तोंडं थिनरने पुसून घ्या, नाहीतर डिंक वरवर बसतो. मग क्लॅम्पमध्ये धरून तासभर, आणि त्यावर जोर पडेल असं काही चोवीस तास करायचं नाही.

सांध्यातून बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने लगेच पुसू नका, तो पसरून लाकडात मुरतो आणि नंतर तिथे तेल-पॉलिश चढत नाही, फिकट डाग राहतो. माझ्या बाकाच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला असा रुपयाएवढा डाग आहे. वीस मिनिटं थांबा, डिंक रबरासारखा होतो, मग पटाशीच्या धारेने उचलून काढा.

पलंग फार जुना असेल आणि एखादा मूळचा सांधा हलत असेल, तर त्यात नवा डिंक ओतण्याआधी आत काय आहे ते बघा. जुने सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस वापरत. सरस गरम पाण्याने मऊ होतो. गरम पाण्यात बुडवलेलं फडकं सांध्याला गुंडाळून ठेवलं की थोड्या वेळाने सांधा हातात येतो, स्वच्छ करून पुन्हा चिकटवता येतो. जुन्या सरसावर नवा डिंक धरत नाही.

पाठ आणि हात जोडणं

हे मी डिंकाने नाही, बोल्टने केलं. त्यात माझा पक्षपात आहे हे कबूल. पण घर बदललं, दार अरुंद निघालं, तर पान्हा घेऊन बाक सुटा करता येतो. पलंगही सुटा होत होता, मग बाकानेच का अडून बसावं?

उशाकडच्या खुरातून मागून पुढे भोक, ते हाताच्या उभ्या पट्टीतून आरपार. ८ मिलिमीटरचे साडेचार इंची बोल्ट, प्रत्येक बाजूला दोन, एक बैठकीच्या पातळीच्या खाली आणि एक वर. भोक हाताच्या मधल्या फळीच्या आतल्या अंगाने जाऊ द्या, अगदी मधोमध पाडलंत तर ड्रिल त्या फळीच्या कडेत घुसेल. दोन्हीकडे मोठा वायसर घाला, नाहीतर नट लाकडात रुतत जातो. खुरातली जुनी खाचेची पट्टी बोल्टच्या आड येत असेल तर काढून टाका.

मागची आडवी फळी उशाच्या दोन खुरांमध्ये बसते. तिथे जुनं काही नाही, म्हणून लोखंडी एल अँगल, प्रत्येक टोकाला दोन. ८ नंबरच्या स्क्रूला कठीण लाकडात ३ मिलिमीटरचं भोक आधी पाडा, आणि स्क्रूच्या आट्यांना मेणबत्ती घासा. साबण नको, साबण ओलावा धरतो आणि स्क्रू गंजतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट. पलंगाची उशाकडची बाजू सरळ उभी असते. बाकाला तशी पाठ असली की माणूस शाळेत शिक्षा झाल्यासारखा बसतो. पाठ तिरकी करायची तर अख्खी चौकट मोडावी लागेल. त्यापेक्षा बैठक मागे उतरती करा. मागची फळी पुढच्यापेक्षा पाऊण इंच खाली बसवा. पाऊण इंच ऐकायला काहीच नाही, पण बसल्यावर अंग आपोआप मागे जातं.

पट्ट्या

पट्ट्या पुढून मागे टाकायच्या, कडेवर टेकवून. मला वाटलं ३२ इंचांच्या पट्टीतून १६-१६ चे दोन निघतील, आणि एक पट्टी मी कापूनही टाकली. मग जागेवर ठेवून बघितलं तर दोन्ही फळ्यांमधलं मोकळं अंतर जवळपास १७ इंच! १६ चा तुकडा दोन्हीकडे कडेवर जेमतेम अर्धा इंच टेकत होता. एकतीस वर्षं पोरांना सांगत आलो, आधी जागेवर माप घ्या. असो. पट्टी पावणेसतरा इंचांची हवी, एकीतून एकच निघते. अकरातली एक मी वाया घालवली, नऊ लागल्या, एक उरली.

नऊ पट्ट्यांचे २७ इंच, ३१ मधून उरले चार, त्यात पट्ट्यांमधल्या आठ फटी अर्ध्या अर्ध्या इंचाच्या. फटी सारख्या याव्यात म्हणून अर्ध्या इंच जाडीचा लाकडाचा ठोकळा मध्ये घालत जा, टेप काढायची गरज नाही. प्रत्येक टोकाला एकच स्क्रू, पट्टीच्या मध्यावर. दोन लावले तर पट्टी आकसताना मधून चिरते. पट्टीच्या वरच्या दोन्ही कडा पॉलिश पेपरने थोड्या गोल करा, मांडीला कळतं.

पट्ट्यांत पूर्वीची स्क्रूची भोकं सैल झालेली असतील तर तिथे डिंकात बुडवलेल्या दोन-तीन काडेपेटीच्या काड्या (गुल काढून) घाला, वाळू द्या, वरच्या वर कापा आणि पुन्हा स्क्रू फिरवा. छान धरतो.

डुगडुगतोय म्हणून पाय कापू नका

उभा केला आणि डुगडुगला तर घाबरू नका. बहुतेक वेळा पाय लहानमोठे नसतात, सांधे पिळलेले असतात. सगळे बोल्ट अर्धा आटा सैल करा, बाक सपाट फरशीवर ठेवा, कोणालातरी वर बसवा, आणि तो बसलेला असतानाच बोल्ट आवळा. मशीनचा बेड, म्हणजे तिचा खालचा पाया, असाच बसवतात. आमचा नातू अर्धा तास बसला होता, त्या बदल्यात त्याने पान्हा मागितला आणि दोन नट त्यानेच आवळले.

तरीही हलत असेल तर आखूड पायाखाली कागदाच्या घड्या घालून बाक स्थिर करा, घड्यांची जाडी मोजा आणि तेवढी चकती त्याच पायाखाली चिकटवा. लांब पाय कापायला गेलात की एक कापाल, मग दुसरा लांब वाटेल, आणि शेवटी पाटावर बसाल.

तेल

पॉलिश पेपर ८०, मग १२०, मग १८०, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आडवा ओरखडा तेल लावल्यावर दुप्पट दिसतो. त्यावर मी जवसाचं उकळलेलं तेल (दुकानात तयार मिळणारं बॉइल्ड लिनसीड ऑइल) लावलं, तीन पातळ हात. फडक्याने लावायचं, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढायचं, आणि दुसऱ्या हाताआधी चोवीस तास थांबायचं. पुसलं नाही तर वर चिकट थर राहतो, तो महिनाभर वाळत नाही. लाखेचं पॉलिश कुठे राहून गेलं असेल तर तिथे तेल मुरत नाही, पहिल्याच हाताला ते ठिकाण चमकून दाखवतं. तेवढंच पुन्हा स्पिरिटने पुसा.

आणि ती तेलाची फडकी. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं आणि वाळताना उष्णता सोडतं. फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर ती उष्णता आतच कोंडते आणि काडी न लावता फडकं पेटू शकतं. आमच्या वर्कशॉपमध्ये तेलकट चिंध्यांचा झाकणाचा लोखंडी डबा वेगळा असायचा, आणि पाळी संपताना तो रिकामा झाला की नाही हे बघायचं काम माझ्याकडे होतं. घरी तसा डबा नसेल तर फडकी बाहेर दोरीवर एकेक पसरून पूर्ण कडक वाळू द्या, किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.

शेवटच्या हातानंतर आठवडाभर कोणी बसायचं नाही. आमच्याकडे चौथ्या दिवशी सकाळी बायको त्यावर बसून चप्पल घालत होती. "मागे जातंय हो जरा," म्हणाली. मुद्दाम तसं केलंय, म्हटलं. ती आणखी थोडी मागे टेकली. साडीला तेल लागलं, ते मला दोन दिवस ऐकावं लागलं.

सहा महिन्यांनी बोल्ट एकदा आवळून घ्या. लाकूड आकसून नट सैल होतात. मी पान्हा बाकाच्या खालच्या बाजूलाच, त्या उरलेल्या गात्याच्या तुकड्याची खोबण करून, अडकवून ठेवला आहे.